नवीन प्लेट लावल्यापासून पॉलिशिंग मशीन लय थरथरून रायली, बेअरिंग खोलू का?

आर्वी वॉशिंगवाला
राजेहो, माझं आर्वीले पुलगाव रोडवर छोटं वॉशिंग सेंटर आहे. दोन वर्षांपासून ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन वापरतो, म्हंजे पॅड स्वतःभोवती फिरते अन् घिरट्याबी घालते. १५ मिमी थ्रोची (घिरटीचा घेर १५ मिमी), सोबत ५ इंची प्लेट होती, तिच्यावर पॅड चिकटवतात. मे महिन्यात तापलेल्या बोनेटवर काम केलं अन् प्लेटचा वेल्क्रो गेला, पॅड सुटून पडे. नागपूरहून प्लेट मागवली. ५ इंची भेटली नाही म्हणून ६ इंची घेतली. आटे बरोबर बसले. पण तेव्हापासून वीस मिनिटांत बोटांत मुंग्या येतात, सांजच्याले चहाचा कप धरवत नाही. वेगाचा डायल ३ वर कसंबसं चालते, ५ वर नेलं का पॅड दारावर नाचते. दुकानदार म्हणते बेअरिंग गेली, मशीन ठेवून जा. पोळा तोंडावर आला, ट्रॅक्टर चमकवाले लोक रांगेत हायेत. मशीन दिली तर काम बंद. बेअरिंग खोलू का?

मोर्शीकर
भाऊ, प्लेट काढून नुसती मशीन चालवून पाहा. तरीबी थरथरली तर बेअरिंगच समजा.

अमरावती डिटेलिंग
मोर्शीकर, माफ करा, पण ती चाचणी या मशीनला लागू पडत नाही. ड्युअल अ‍ॅक्शनचा स्पिंडल, म्हणजे प्लेट बसते तो दांडा, मोटरच्या मध्यावर नसतो, बाजूला सरकलेला असतो. त्याच्या विरुद्ध बाजूला आत एक वजन बसवलेलं असतं, प्लेट आणि पॅड यांच्या भाराला तोलायला. प्लेटच काढली तर तोल जाणारच आणि चांगली मशीनही आदळेल.

आर्वीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. टायरवाला चाकाला शिशाचा तुकडा ठोकतो ना, तसंच हे आतलं वजन. ते ५ इंची प्लेटच्या हिशोबाने बसवलेलं, तुम्ही लावली ६ इंची. म्हणून डायल वाढवला की थरथर वाढते. दोन्ही प्लेटा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा.

बेअरिंग तपासायला खोलायची गरज नाही. प्लग काढा, प्लेट हाताने सावकाश फिरवा. खरखर लागली किंवा प्लेट वर-खाली, आजूबाजूला हलली, तर बेअरिंगचा संशय घ्या. पॅडही बघा. मधला फोम उष्णतेने बसला असेल, एका बाजूला कंपाऊंड (पॉलिशची पेस्ट) मुरलं असेल किंवा पॅड अर्धा सेंटीमीटर जरी सरकून चिकटलं असेल, तरी हाच त्रास होतो. हवेत धरून परीक्षा करू नका, गार पॅनेलवर पॅड सपाट टेकवून कमी वेगात करा. प्लेटच्या कडेला मार्करने रेघ ओढा म्हणजे काम करताना ती फिरते की नुसती थरथरते हे दिसेल.

आणि मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. रोज असं होत राहिलं तर बोटांच्या नसा कायमच्या बिघडू शकतात. तोवर हे काम थांबवा.

वरुड गॅरेज
वॉशर बी पाहजा भाऊ. काही मशीनमध्ये प्लेटच्या मागे बारीक वॉशर असते, ते जुन्या प्लेटसंगच निघून जाते. नसलं तर प्लेट मशीनच्या बुडाले घासू शकते.

आर्वी वॉशिंगवाला
वॉशर जागेवर हाय. वजन केलं: जुनी प्लेट ११८ ग्रॅम, नवीन १७६. हातानं फिरवली तर खरखर नाई, हालत बी नाई. जुनी प्लेट परत लावली, वेल्क्रो ढिला असल्यानं फक्त डायल २ वर, गार बोनेटवर पॅड टेकवला. थरथर एकदम कमी. म्हंजे बेअरिंग चांगली हाय अन् मी हजार-बाराशे रुपये फुकट घालवले असते.

अमरावती डिटेलिंग
आता तुमच्या मॉडेलची ५ इंची प्लेटच मागवा, नुसते आटे जुळले म्हणून दुसरी घेऊ नका. ती येईपर्यंत ट्रॅक्टरचं बोनेट हाताने पॉलिश करा. वेळ लागेल, पण काम अडणार नाही.

आर्वी वॉशिंगवाला
प्लेट आज कुरिअरनं आली. दुपारून दोन बोलेरो केल्या, डायल ४ वर. आता हात ठणठणीत हाय. यावेळी गाडी सावलीत उभी करून, बोनेट पाणी मारून गार झाल्यावरच पॅड टेकवला. ६ इंची प्लेट कोणाच्या मोठ्या मशीनले बसत असन तर सांगा, वेल्क्रो नवाच हाय. आर्वीले येऊन घेऊन जा.