ग्रीन टीनं फॅटी लिव्हर साफ होते म्हणे!

पांढरी_माती (दर्यापूर): काल इथं एकानं लिहिलं, "जेवण झालं की ग्रीन टी घ्या, लिव्हरवरची चरबी महिनाभरात साफ." रात्रभर डोक्यात तेच. ग्रीन टीतल्या ईजीसीजी नावाच्या घटकानं उंदरांच्या लिव्हरमधली चरबी घटते, मान्य. पण त्यांना चरबीच्या खाद्यासोबत अर्काचा मोजून डोस देतात, कपभर चहा नाही. अन् अर्काच्या गोळ्यांबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलं, दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे लिव्हर दुखावल्याची खूण. ज्याच्यासाठी घेता त्यालाच मार!

वर्धेकर: ती पोस्ट माझीच. माझा एसजीपीटी, तेच लिव्हरचं एन्झाइम, ९२ होता, चार महिन्यांत ४१ झाला. उंदरांचं मला सांगू नका.

पांढरी_माती: टपरीवरचा गोड चहा चालूच होता का?

वर्धेकर: तो बंद केला. वावरात पायी जातो, सहा किलो उतरलो. म्हणून काय झालं?

पांढरी_माती: तिथंच तर सगळं झालं! वजन ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरची सूजही उतरते. श्रेय पाकिटाला कशाला?

काळी_कसदार: माया बाप दोन्ही टाइम ज्वारीची भाकर खाये. आता राशनचा भात अन् गव्हाच्या पोया. ज्वारी पेरली तं डुकरं अन् रोही (नीलगायी) एका राती वावर साफ करते. मलेबी ग्रेड टू फॅटी लिव्हर निंघालं. थेंब घेत नाही, तरी सोनोग्राफीवाल्यानं बायकोसमोर इचारलं, "किती पेता?"

सोयाबीनवाला: डुकरांवर ढकलू नका. भाव नव्हता म्हणून ज्वारी सोडली आपण.

काळी_कसदार: दोन वर्सं जागलीवर बसलो मी, थंडीत. तुमी एक रात बसा, मंग बोला!

सोयाबीनवाला: आम्हीही बसलो. रोही सोयाबीन सोडते का?

आशाताई_यवतमाळ: ज्वारीचं भांडण थांबवा जरा. जेवणावर लगेच चहा नको, हिरवा असो की काळा. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या बायांना मी हेच सांगत दारोदार फिरते, अन् इथं उलटं लिहिता?

वर्धेकर: बरं, "साफ" हा शब्द मागं घेतो, वेळही बदलतो. कप सोडणार नाही. त्याच्याच आधारानं माझी साखर सुटली.

पांढरी_माती: कप राहू द्या. गोळ्या तर नाही ना घेत?

वर्धेकर: एक डबा आणला होता. लहान भावाला देऊन टाकला, त्यालाही फॅटी लिव्हर आहे. आत्ता फोन लावतो.