मदत हवी आहे: श्वासचाचणीचा आकडा उतरला, पण पहाटेचा खोकला जात नाही. पंप बंद करावा का?

मुलगी नऊ वर्षांची आहे, पाचव्या वर्षापासून बाळदमा. आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहतो. ऊसतोड सुरू झाली की रानोरान पाचट पेटतं आणि तिची छाती वाजायला लागते.

ऑगस्टमध्ये पुण्याला डॉक्टरांनी तिची फेनो चाचणी केली, म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजला. श्वासनलिकांना सूज असली की तो वाढतो. टेबलावरचं छोटं यंत्र, सुई नाही की रक्त नाही. खोल श्वास घ्यायचा आणि सहा सेकंद एका लयीत सोडायचा. पडद्यावर ढग दिसतो, तो दोन रेषांच्या मध्ये तरंगत ठेवायचा. पहिल्या दोन वेळा तिनं जोरात फुंकलं, यंत्रानं घेतलं नाही. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा पोरगी काय खूश झाली! चाचणी घेणाऱ्या ताईंनी आधी विचारून घेतलं होतं, पालक किंवा बीट खाऊन आलात का, कारण त्यानं आकडा वाढतो. आकडा आला ४६ पीपीबी (अब्जात ४६ भाग). लहान मुलांत ३५ च्या वर म्हणजे श्वासनलिकांना ॲलर्जीची सूज असणार, असं डॉक्टर म्हणाले. सूज कमी करणाऱ्या ब्युडेसोनाइड औषधाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून सकाळ-संध्याकाळ सुरू केला. गेल्या पंधरवड्यात परत चाचणी झाली, आकडा १७.

तेव्हापासून सासूबाईंचं एकच, "उतरलं ना आता? मग पोरीला पंपाची सवय कशाला लावताय?" त्यांचाही जीव तुटतो नातीसाठी. पण पहाटे चारला ती अजून खोकत उठते, भिंतीला टेकून बसते. घरच्या पीक फ्लो मीटरवर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं साधन) संध्याकाळी २४० येतात आणि सकाळी पंपाआधी १९०. चांगल्या दिवसांत २५० यायचे. कशावर विश्वास ठेवू? आणि ते फेनोचं यंत्र घरीच घ्यावं का?

प्रतिसाद: ताई, पंप स्वतःहून बंद करू नका. आकडा पंपामुळेच उतरलाय, बंद केलात की सूज परत येऊ शकते. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही हीच चूक केली आणि महिन्याभरात रात्री नेब्युलायझरसाठी धावलो. फेनो सूज सांगतं, नळी किती आवळली आहे ते सांगत नाही. ते तुमचं फुंकायचं मीटर सांगतंय. २५० चे १९० म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली, पिवळा पट्टा, म्हणजे सावध व्हायचा. सकाळ-संध्याकाळमध्ये एवढा फरक म्हणजे दमा अजून आटोक्यात नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, दर वेळी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा तारखेनिशी लिहा आणि ती वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. फेनोचं यंत्र महाग असतं, त्याचे सेन्सरही बदलावे लागतात. घरी वही पुरते. धाप लागून बोलता येईना किंवा मीटरचा आकडा १२५ च्या, म्हणजे निम्म्याच्या, खाली गेला, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.

धागाकर्ती: मनापासून आभार. गुरुवारची वेळ मिळाली. वही आजपासून सुरू केली, सकाळचे १९५. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. स्पेसरनंतर चूळ भरायची आठवण आता त्याच करतात. डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहीन.