कारखान्याच्या आवारातलं बोअरचं पाणी धातूंसाठी तपासताना गाळावं का?

कातळ
आमच्याकडे ग्रामसभेत एका कारखान्याचा भूजल अहवाल वाचून दाखवला. शिसं, क्रोमियम, निकेल, कॅडमियम, सगळ्यांपुढे ‘आढळले नाही’. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतला आहे. माझा आक्षेप इथेच आहे. शेजारच्या वस्तीत बोअरचं पाणी कोणी फिल्टर कागदातून गाळून पीत नाही. हंड्यात येतं तेच पोटात जातं. मग नमुनाही तसाच, न गाळता तपासायला हवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. इतक्या बारीक मर्यादेत, गाळताना फिल्टरवर काय राहिलं याला महत्त्व आहे.

लॅबवाली
मी धातूंचंच विश्लेषण करते आणि मला हे पटत नाही. गाळणं म्हणजे लपवणं नव्हे. धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणावा लागतो. गढूळ पाण्यात ते आम्ल पडलं की मातीच्या कणांतले धातूही पाण्यात उतरतात. आपला दगड बेसॉल्ट. त्याच्या मातीत लोह, मँगनीज, निकेल, क्रोमियम निसर्गतःच असतं. न गाळता तपासाल तर जिथे एकही कारखाना नाही अशा वाडीची गढूळ विहीरसुद्धा दोषी ठरेल.

कातळ
मग पाणी गढूळ येऊ देऊ नका ना! बोअर सावकाश उपसा. सामू, विद्युतवाहकता आणि गढूळपणा स्थिर झाला की मगच बाटली भरा. मोटर जोरात लावून गाळ ढवळायचा आणि नंतर फिल्टर लावायचा, हा उपाय नाही. शिसं लोहाच्या बारीक कणांना चिकटून भेगांमधून वाहतं. ते कण फिल्टरवर अडकले तर प्रदूषणाचा तो भाग अहवालातून गेलाच.

शेडमालक
माझं प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या बोअरमध्ये जस्त आणि लोह जास्त आलं आणि लगेच बोट आमच्याकडे. बोअरचा पाइप जुना जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, त्याचंच जस्त उतरू शकतं, हे कोणी विचारातच घेतलं नाही. प्लॉटवर आमच्या आधी दुसरा उद्योग होता. चढाच्या बाजूला आणखी युनिट्स आहेत. आवारातल्या एकाच बोअरवरून दोष कुणाचा हे ठरवणं अन्याय आहे. वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला दोन-तीन निरीक्षण बोअर घ्या, मग बोला. खर्च मात्र एकट्या छोट्या उद्योगावर टाकू नका.

विहीरकाठ
शेडमालक, बोअरबद्दल सहमत. पण ‘आमच्या आधी कुणीतरी होता’ याने गावाचं पाणी शुद्ध होत नाही. तमिळनाडूत राणीपेटचा क्रोमेट कारखाना १९९५ मध्ये बंद पडला, पण मागे उरलेल्या गाळाच्या ढिगातून क्रोमियम त्यानंतरही भूजलात उतरत राहिलं. मालक गेला तरी ढीग राहतो.

आणि गाळण्याचा हा वाद षट्संयुजी क्रोमियमला, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाला, फारसा लागूच होत नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतं, फिल्टरमधून सरळ पार जातं. त्याची अडचण वेगळी: नायट्रिक आम्लाच्या बाटलीत ते टिकत नाही, त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपाचं, होऊन जातं. त्याला वेगळी बाटली लागते, आम्लाविना, थंड पेटीत, आणि संरक्षक बफर (ते टिकवून धरणारं द्रावण) घातलं नसेल तर २४ तासांत तपासणी. शनिवारी नमुना घेऊन सोमवारी लॅबला पोचवला तर ‘आढळले नाही’ येऊ शकतं.

लॅबवाली
हे बरोबर. त्यात माझी भर: ‘आढळले नाही’ या शब्दांना मापनमर्यादा लिहिल्याशिवाय काही अर्थ नाही. शिशाची परवानगी ०.०१ आणि यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल, तर तो अहवाल कुणालाही दिलासा देऊ शकत नाही. ग्रामसभेत आधी हा आकडा मागा.

पण कातळ, फिल्टर काढून टाका, ही मागणी मला अजूनही मान्य नाही. दोन्ही बाटल्या घ्या, गाळलेली आणि न गाळलेली, शेजारी गढूळपणा लिहा. नुसत्या न गाळलेल्या आकड्यावर ‘कारखाना दोषी’ असा निष्कर्ष कुणी काढणार असेल तर त्यावर माझी सही मिळणार नाही.

कातळ
दोन बाटल्या चालतील. मात्र पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे न गाळलेल्या बाटलीवरूनच ठरवा. गाळलेली प्रदूषणाचा माग काढायला वापरा. दोष सिद्ध होईपर्यंत वस्तीला तेच पाणी पाजत बसणं मला मंजूर नाही. तोवर टँकर यायला हवा.

शेडमालक
टँकरला माझी हरकत नाही. पण नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. पाणी भरल्यावर तीव्रता उतरते, कधी ढीग धुऊन चढतेही. एका मोसमाच्या आकड्यावर नोटीस येत असेल तर मी वकीलच लावीन.

विहीरकाठ
लावा. आणि बोअर किती खोल, केसिंग (बोअरच्या आत बसवलेला पाइप) कुठवर, हेही अहवालात लिहायला लावा. दोनशे फुटांच्या उघड्या बोअरमध्ये वरच्या थराचं दूषित पाणी खालच्या स्वच्छ पाण्यात मिसळून पातळ होतं, आणि वस्तीतली उथळ विहीर मात्र तेच वरचं पाणी देते. तिचा नमुना त्या अहवालात आहे का?

कातळ
नाही. आवाराबाहेरचा एकही नाही.