मदत हवी आहे: व्हिडिओ झकास आले, पण इंग्रजीचे गुण कशावर द्यायचे?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. एफवाय बीकॉमचा वर्ग, पट 72, बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. लेखी असाइनमेंट एकजण लिहितो नि बाकीचे उतरवतात, म्हणून यंदा अंतर्गत 20 गुणांसाठी सहा-सहा जणांचे गट करून ‘गावातला एक व्यवसाय’ यावर चार मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ करायला सांगितला.

12 व्हिडिओ आले. दिसायला एकदम भारी. एका गटाने तर ड्रोन आणला होता (लग्नाच्या फोटोग्राफरचा असावा). पण चार व्हिडिओंत आवाज मशीनचा आणि मजकूर चॅटजीपीटीचा. पाच व्हिडिओंत सेमी इंग्रजीतून आलेली एकच मुलगी शेवटपर्यंत बोलते, बाकीचे मागे उभे.

सगळ्यात चुटपुट लागली ती गुऱ्हाळवाल्या गटाची. त्यांच्या मोबाइलमधले न वापरलेले टेक मी मागून घेऊन बघितले. काहिलीसमोर उभी राहून एक मुलगी म्हणते, ‘माय फादर इज मेकिंग जॅगरी सिन्स ट्वेंटी इयर्स.’ मागून आवाज: ‘अगं, हॅज बीन मेकिंग! आणि सिन्स नाही, फॉर!’ पुन्हा टेक. चिपाडाला आधी ‘शुगरकेन गार्बेज’, मग शोधून काढलेलं ‘बगॅस’, मग त्याच्या उच्चारावरून वादावादी. तोवर गुळव्या ओरडतोय, बाजूला व्हा म्हणून. अकराव्या टेकला वाक्य बरोबर आलं. आणि जमा केलेल्या व्हिडिओत? अमेरिकन बाईचा मशीनी आवाज. विचारलं तर म्हणे, ‘आमचा आवाज गावठी वाटतो मॅडम.’

पुढच्या सेमिस्टरला हे परत करायचंय. प्रत्येकजण बोलेल असं कसं बघता? एडिटिंगला किती गुण देता? काही मुलींच्या घरून चेहरा दाखवायला परवानगी नाही, त्यांचं काय करू?

प्रतिसाद 1
मॅडम, व्हिडिओचा हट्ट सोडा. आम्ही फोटो आणि त्यावर आवाज एवढंच घेतो. सहा फोटो, सहा आवाज, प्रत्येकी 40 सेकंद. चेहऱ्याचा प्रश्नच मिटतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. सबटायटल्स मात्र मुलांनीच टाइप करायची. स्वतःचं बोलणं ऐकून लिहिताना चुका त्यांच्या त्यांनाच दिसतात. एडिटिंगला मी 20 पैकी 2 देतो, तेही जिवावर येतं.

प्रतिसाद 2
ताई, एक चिठ्ठी टाका. व्हिडिओ झाल्यावर गटातला कुणीही एक उठेल आणि दोन मिनिटं प्रश्नांची उत्तरं देईल. कोण, ते आधी सांगायचं नाही. त्याचे गुण अख्ख्या गटाला. पुढच्या वेळी हुशार मुलगी मागच्यांना स्वतःच शिकवायला लागते. आणि व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर व्हिडिओ दाबून येतो नि सबटायटल्स वाचता येत नाहीत.

मूळ धागाकर्ती
दोघांचे आभार. सर, फोटोंची कल्पना उचलते. ताई, चिठ्ठीची थोडी भीती वाटते, लाजाळू पोराच्या नावाची निघाली तर गट त्याला खाईल. आधी गुण न धरता एकदा करून बघते. न वापरलेल्या टेकपैकी तीन टेक आणि ‘काय बदललं, का बदललं’ हे चार ओळींत लिहून मागायचं ठरवलंय, त्याला 8 गुण. पण 12 गटांचे 36 टेक ऐकायचे, आणि आम्हाला मानधन तासावर. तपासणीचा वेळ कुणी कसा वाचवलाय का?