मदत हवी: एपीआरमध्ये मशीनची अख्खी किंमत एकाच वर्षात धरली गेली

नमस्कार मंडळी,

आमचं सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) छोटं युनिट आहे, सुटे भाग बनवून निर्यात करतो. उत्पादनाचं पहिलं आर्थिक वर्ष संपलं आणि पहिला एपीआर, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवाल, सीएंच्या सहीनिशी डेव्हलपमेंट कमिशनरांकडे (सेझवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) गेला. निव्वळ परकीय चलन, म्हणजे निर्यातीतून आयात वजा जाता उरणारा आकडा, चक्क उणे १ कोटी १५ लाख!

आकडे असे: एफओबी (जहाजावर माल चढवेपर्यंतच्या किमतीने) निर्यात ३ कोटी १० लाख, आयात कच्चा माल सीआयएफ (विमा आणि वाहतूक भाड्यासह) १ कोटी ८५ लाख, आयात सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन २ कोटी ४० लाख. सरळ वजाबाकी करून टाकली. परवा रात्री सेझ नियम, २००६ मधला नियम ५३ वाचत बसलो, तेव्हा उजेड पडला. वार्षिक हिशेबात आयात मशीनची किंमत दरवर्षी १० टक्के अशी दहा वर्षांत विभागायची असते. म्हणजे यंदा फक्त २४ लाख, आणि आम्ही अधिक १ कोटी १ लाखावर!

हा आनंद पाचच मिनिटं टिकला. दुसऱ्या सेझ युनिटकडून घेतलेला कच्चा मालही वजा बाजूलाच जातो. शेजारच्या युनिटकडून आम्ही ३८ लाखांचा घेतलाय. बिल रुपयांत, त्यामुळे तो यात येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो धरून अधिक ६३ लाख.

सीए म्हणतात, हिशेब पाच वर्षांचा एकत्रित असतो, पुढच्या एपीआरमध्ये जुळवून घेऊ. मला हे पटत नाही. पुढची बेरीज याच चुकीच्या आकड्यावरून सुरू होणार ना? आणि तोवर युनिटची कामगिरी तपासणाऱ्या अप्रूव्हल कमिटीसमोर आम्ही उणेवालेच. सुधारित अहवाल कुणी दिलाय का? सोबत काय जोडलंत?

प्रतिसाद: जुळवून वगैरे घेऊ नका, नोटिशीची वाटही पाहू नका. सीएंकडून सुधारित प्रमाणपत्र घ्या, जुना आणि नवा हिशेब शेजारीशेजारी मांडून पत्र द्या, मशीनचं बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद) जोडा. ३८ लाखही त्याच पत्रात आपणहून सांगा. फायद्याची चूक दाखवून तोट्याची लपवली असं दिसलं तर मग खरी पंचाईत. पोच घ्यायला विसरू नका.

धागाकर्ता: धन्यवाद. सीएंना उद्या सकाळीच गाठतो. शेजारच्या युनिटचीही बिलं काढायला घेतली आहेत.