१९६७ ची टाटा-मर्सिडीज जुन्या रस्त्याने साताऱ्याला: न्यावी की नेऊ नये?

मुलुंडकर

मंडळी, मत हवंय. शाबासकी नको, ती नातेवाइकांकडून मिळून झाली आहे. बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

वडिलांचा ट्रक आहे. टाटा-मर्सिडीज १२१०, नाकवाली, जाळीवर तीन टोकांची चांदणी. टेल्को म्हणजे टाटांची ट्रक कंपनी, तिचा मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९. तो संपला आणि चांदणी जाऊन ‘टी’ आला. आमची गाडी ६७ ची, म्हणजे शेवटच्या चांदणीवाल्यांपैकी. वडील तिच्यावर मस्जिद बंदरातून साताऱ्याला किराणा न्यायचे, येताना गूळ, हळद, जे भाडं मिळेल ते. नंतर तीसेक वर्षं ती पडघ्याजवळ मामांच्या आवारात उभी होती, हौद्यात कोंबड्या. दोन वर्षं खपून चालू केली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात माझे इतके शनिवार गेले की तिथला चहावाला आता न सांगता कमी साखरेचा देतो.

आता तिला एकदा तिच्या रस्त्याने न्यायची आहे. सायन ते सातारा, जुना चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, द्रुतगती मार्गाला चाक न लावता. रविवारी पहाटे तीनला निघायचं, उजाडायच्या आत खोपोली, घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकून बोर घाट, मग लोणावळा, पुणे, जुना कात्रज, शिरवळला जेवण, खंबाटकी, सातारा. ताशी चाळीसच्या वर जाणार नाही. वडील ८१ वर्षांचे आहेत, ते शेजारी बसतील.

न्यावी? ट्रेलरवर टाकून न्यावी? की नेऊच नये?

शीळफाटा_सिग्नल

नेऊ नका असं म्हणत नाही, पण ‘तिचा रस्ता’ म्हणता तो कुठला? वाशीचा खाडीपूल १९७३ चा. तुमची गाडी ६७ ची. पहिली सहा वर्षं ती मानखुर्दवरून गेलेलीच नाही. सायन, मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल असाच रस्ता होता. आठवणच काढायची तर मुंब्र्यावरून काढा. आणि मग पहाटे तीनला शीळफाट्यावर कंटेनरच्या रांगेत उभे राहा. मी रोज राहतो, मला कोणी कौतुकाने बघत नाही.

दुसरं, द्रुतगतीला चाक न लावण्याची प्रतिज्ञा घाटातच मोडणार. वरच्या टप्प्यात खंडाळ्यापर्यंत जुना रस्ता आणि द्रुतगती एकच होतात. तेवढ्या पट्ट्यात तुमच्या मागे ताशी शंभरवाले असतील आणि तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये.

डबलक्लच

मुलुंडकर, वयाने तुझ्या वडिलांच्या जवळचा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. सत्तावीस वर्षं मुंबई-बंगलोर लाइन मारली, त्यातली पहिली नऊ याच गाडीवर. माझं मत, नेऊ नये.

जुन्या रस्त्याच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटतो ते बहुतेक सगळे दादर-पुणे एशियाडच्या खिडकीत बसलेले असतात. स्टिअरिंगमागच्या माणसाला विचारा. गिअर सिंक्रोचा, म्हणजे आपोआप जुळणारा, नव्हता, दर वेळी डबल क्लच, एका गिअरला दोनदा क्लच दाबायचा. चुकला की गिअर करकरतो आणि गाडी घाटात मोकळी सुटते. पॉवर स्टिअरिंग नाही. मे महिन्यात फळीतून येणारी इंजिनाची धग पायाला भाजायची, आम्ही ओलं गोणपाट टाकून चालवायचो. रेडिएटर उकळला की उभे. पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला की दोन दिवस उभे. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. ती बातमी मी तीनदा वाचली आणि बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, उशीर केला त्यांनी.

बरं, हे झालं रडगाणं. आता कामाचं ऐक. सगळे चढाला घाबरतात. चढ काही करत नाही, फार तर गाडी उकळेल. माणूस मरतो उतारावर. ड्रम ब्रेक एकदा तापले की पेडल पायाखालून जातं आणि खाली काहीच लागत नाही. कात्रज उतरायचाय, खंबाटकी उतरायचाय. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतरायचं, ब्रेक फक्त टेकवायला. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्यांनी पुण्याच्या नवले पुलावर काय केलं ते तू पेपरात वाचलंच असशील.

शिवाय गाडी रिकामी नेणार का? पाटे सात-आठ टनांसाठी बांधलेत. रिकामी नेलीस तर वडिलांची कंबर मोडेल, भरून नेलीस तर ब्रेकची परीक्षा. आणि तू जायचं सगळं लिहिलंस, यायचं एक अक्षर नाही. बोर घाट चढशील रे. उतरणार कसा?

कागद_आधी

वर भावनांचा आणि ब्रेकचा विषय झाला, मी कंटाळवाणा विषय काढतो.

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची गाडी. नवी नोंदणी फी वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ऐकायला छान. पण तो नियम दुचाकी आणि चारचाकींपुरता आहे, आणि व्यावसायिक वापर त्यात बसत नाही. तुमच्या गाडीला मागे जोडचाकं, म्हणजे सहा टायर, आणि पुस्तकात ती मालवाहू. समजा कोणी उदार मनाने बसवलीच, तरी व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणायची कारणं ठरलेली आहेत: रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती. वडिलांना साताऱ्याला नेणं त्यात नाही.

मालवाहू म्हणूनच ठेवली तर आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेसची तपासणी. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी एप्रिल २०२२ मध्ये चांगलीच वाढवली. तर आधी सांगा, आज कागदावर ही गाडी काय आहे? इन्शुरन्स आहे? नसेल तर रस्ता जुना की नवा ही चर्चा वाया आहे.

धूर_नको

कोणीच बोलत नाही म्हणून बोलतो. १९६७ च्या इंजिनाला धुराचा कुठलाही निकष नव्हता. आपण २०२० पासून बीएस-६ या धुराच्या कडक निकषावर आलो, लोकांनी त्यासाठी महागड्या गाड्या घेतल्या. आणि तुम्ही पहाटे तीनला मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा अशा झोपलेल्या वस्त्यांतून ही भट्टी नेणार. माझ्या आईला दमा आहे, आमची खिडकी रस्त्यावर आहे. तुमच्या आठवणी आमच्या फुप्फुसातून का?

काळ्यापिवळ्या पद्मिनीचं हेच झालं. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. त्या आठवड्यात सगळी मुंबई फोटो काढत होती. त्याआधीची दहा वर्षं हेच लोक पद्मिनी समोर आली की हात खाली घेऊन मागच्या गाडीला करत होते.

चौकची_लेक

पद्मिनीचं बोललात ते अगदी खरं, पण त्यातून मी उलटं घेते. जाईपर्यंत कोणी बघितलं नाही, म्हणून तर जायच्या आधी बघावं.

माझ्या वडिलांची चौक गावाजवळ जुन्या हायवेला चहा-भजीची टपरी होती. टपरीच म्हणायचं, पण रात्री दोनला तिथे वीस-वीस ट्रक लागलेले असायचे. आई पिठात हात घालूनच झोपायची म्हणतात. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि लाइनच्या गाड्या हळूहळू वर गेल्या. आम्हाला कोणी नोटीस दिली नाही, जमीन घेतली नाही, नुकसानभरपाईचा प्रश्नच नव्हता. फक्त गिऱ्हाईक यायचं थांबलं. नवीन रस्ता होतो तेव्हा किती मिनिटं वाचली ते छापून येतं. वाचलेली मिनिटं कोणाच्या दारातून गेली ते येत नाही.

घाटातला अमृतांजन पूल १८३० चा. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये पाडला. वाहतुकीला तो अडचणीचा होता हे मलाही कळतं, पण सगळे घरात कोंडलेले असताना तो गेला. मुलुंडकर, कागद नीट करा, ब्रेक नीट करा आणि न्या. एका फेरीच्या धुराचं म्हणाल तर त्याच रस्त्यावर रोज रात्री काय काय जातं ते मी लहानपणापासून बघत आले आहे.

धूर_नको

ताई, टपरीचं वाचून वाईट वाटलं. पण ‘एकच फेरी’ असं प्रत्येकजण म्हणतो. गणपतीत डीजेवाला पण.

लालडबा_९८

साताऱ्यापेक्षा कोकणात न्या ना! जुना सतरा नंबर, आता ६६. कशेडीला बोगदा झालाय, त्यामुळे वरचा जुना घाट मोकळा असेल. नागमोडी वळणं, माणसं नाहीत, फोटो काय येतील!

शीळफाटा_सिग्नल

कोकणात जुना रस्ता उरलाय कुठे? २०११ पासून खणून ठेवलाय. आणि जुन्या गोष्टींवर विश्वास टाकण्याआधी महाडचा सावित्रीचा पूल आठवा. इंग्रजांच्या काळातला दगडी पूल, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या घेऊन गेला. जुनं ते सोनं म्हणायच्या आधी जुन्याची तपासणी कधी झाली ते विचारावं. ट्रकचंही तेच.

मुलुंडकर

सगळ्यांचं वाचलं. काही कबूल करतो, काही नाही.

मुंब्र्याचा मुद्दा मान्य. वडिलांना विचारलं तर म्हणाले, “मग, मुंब्र्यावरूनच की. वाशीचा पूल नंतरचा.” मला हे माहीत नव्हतं याची लाज वाटली. द्रुतगतीच्या सामाईक पट्ट्याचंही कबूल. प्रतिज्ञा मोडली असं समजा. मागे एक कार फ्लॅशर लावून ठेवणार.

कागद: नोंद मालवाहूच आहे, व्हिंटेजच्या वाटेला जात नाही. फिटनेसची तारीख मिळाली आहे. पास झाली आणि इन्शुरन्स हातात आला तरच निघू, नाहीतर ट्रेलर. धूर_नको, तुमच्या आईबद्दल बोललात ते लागलं. पंप आणि नोझल पुन्हा तपासून घेतो. धूर राहणारच, खोटं बोलत नाही. पण वस्तीतून रेस न करता जाईन, आणि परत येताना तिथून जाणार नाही, कारण परत येताना गाडी ट्रेलरवर येईल. डबलक्लच काकांनी बोर घाट उतरायचं विचारलं, त्याचं हे उत्तर. मी खरंच त्याचा विचार केला नव्हता.

हौद्यात दोन टन वाळूच्या गोण्या टाकायचं ठरवलंय.

एक मात्र मान्य नाही, काका. तुम्ही म्हणता आठवणी खिडकीत बसणाऱ्यांच्या. माझी तर खिडकीही नव्हती. मी कधी त्या गाडीत बसलोच नाही. वडिलांनी बसू दिलं नाही, ‘तू शाळेत जा’ म्हणाले. मी बँकेत चिकटलो. अवजड वाहनाचं लायसन्स गेल्या वर्षी काढलं, पंचावन्नाव्या वर्षी. वडील सत्तावीस-अठ्ठावीस तास कुठे असायचे, काय करायचे, हे मला एकदा त्या सीटवरून बघायचंय. यात चुकीचं असेल तर सांगा.

डबलक्लच

चुकीचं नाही. पण तू बघशील ते नवे टायर आणि मागे फ्लॅशरवाली कार. उधारीचं डिझेल आणि दोन रात्रींची झोप कुठून आणशील?

वाळू नको, ओली झाली तर वजन वाढतं आणि सरकते. गव्हाची पोती घे, साताऱ्यात कुणाला तरी देऊन टाक. पुढच्या बाजूला लाव, दोर फाळक्यापर्यंत ओढून बांध. आणि रविवार कोणी काढला? रविवारी पहाटेपासून अर्धी मुंबई लोणावळ्याला निघते. बुधवारी निघ.

कागद_आधी

गहू भरला की तो माल झाला. माल असला की बिल लागेल, कोणाचा, कुठे, किती. घरचा असेल तर तसं लिहून बरोबर ठेवा.

डबलक्लच

हे साहेब कुठल्या नाक्यावर होते देव जाणे. पण बरोबर बोलतायत.

चौकची_लेक

चौकला थांबणार असाल तर आधी कळवा. टपरी नाही, पण घर तिथेच आहे. आई आहे अजून.

मुलुंडकर

काल रात्री वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. डबलक्लच काकांचं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, “हा माणूस खरा. ओल्या गोणपाटाचं लाइनवाल्यालाच ठाऊक.” मला वाटलं आता रस्त्याबद्दल, घाटाबद्दल काही सांगतील. तर विचारलं एवढंच, “क्लीनर कोण?”

भाचा तयार आहे, एकोणीस वर्षांचा. घाटात गाडी थांबली तर उतरून मागच्या चाकाला ठोकळा टाकायचा, असं सांगितलं. त्याने विचारलं, ठोकळा ऑनलाइन मिळतो का.

डबलक्लच

बाभळीचा करून घे, सुताराकडून, एका बाजूला उतार देऊन. दोन कर.

कुठल्या बुधवारी ते कळव. माझा उजवा गुडघा गेलाय, चालवणार नाही. वडिलांच्या शेजारी बसेन. ठोकळा पोरगा टाकेल, कधी टाकायचा ते मी ओरडेन.