मदत हवी आहे: जांभ्याचा तांबडा रंग पृथ्वीवरच्या पहिल्या ऑक्सिजनमुळे, असं मुलांना सांगून बसले आहे

नमस्कार. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. सातवी ते नववीची चौदा मुलं आहेत. बरीचशी मराठी शाळेतली, तिघं कन्नड माध्यमाची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पृथ्वीचा जन्म आणि पहिली जीवसृष्टी हा विषय मांडायचा, असं मुलांनीच ठरवलंय. त्यात माझ्या हातून एक चूक झाली असावी, म्हणून हा धागा.

झालं असं. मी सांगत होते की सुरुवातीच्या पृथ्वीवर हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्रातले सूक्ष्म जीव, ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो, उन्हावर आपलं अन्न तयार करता करता तो सोडत गेले, आणि पाण्यात विरघळलेलं लोह गंजून तळाशी बसलं. आमची खोली जांभ्याच्या चिऱ्यांची आहे, आतून गिलावा नाही. आठवीतल्या एका मुलीनं भिंतीवर हात ठेवून विचारलं, "मावशी, मग हे बी तवाच गंजलंय?" मी उत्साहाच्या भरात हो म्हणाले. ते 'हो' रात्रभर डोक्यातून जाईना. मुलांनी तर चिऱ्याचा तुकडा धुऊन-पुसून ठेवलाय आणि त्याला चिठ्ठी लावलीय: 'पहिल्या ऑक्सिजनचा पुरावा'. आमच्याकडची लाल माती, कौलं, चिरे, सगळ्यांचा रंग लोहाचा हे मला ठाऊक आहे. पण ते लोह गंजलं कधी?

दुसरी शंका पृथ्वीच्या वयाची. आकड्यांचा घोळ आधीच झाला होता. मराठीतली मुलं ४५४ कोटी म्हणत होती, कन्नडवाली ४.५४ शतकोटी, आणि एका कात्रणात अब्ज होतं. शतकोटी म्हणजेच अब्ज, म्हणजेच शंभर कोटी, एवढं फळ्यावर लिहिल्यावर तो मिटला. पण कॅनडातला फार जुना खडक ४०३ कोटी वर्षांचा आहे असं वाचल्यावर एका मुलानं विचारलं, "मग मधली पन्नास कोटी वर्षं कुणी मोजली?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि सुतळी. एक कोटी वर्षांना एक सेंटिमीटर धरून ४ मीटर ५४ सेंटिमीटरची सुतळी भिंतीवर लावली आहे. डायनोसॉर संपले ती खूण शेवटच्या टोकापासून साडेसहा सेंटिमीटरवर येते. शंखशिंपल्यांची गर्दी सुरू होते ती ५४ सेंटिमीटरच्या आसपास. त्याआधीची चार मीटर सुतळी मुलांना मोकळी वाटते. तिथं काय लावू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, सध्या मुक्काम बागलकोट. चिऱ्यावरची चिठ्ठी तेवढी बदला. तुमच्याकडचा जांभा बेसाल्टपासून झालेला आहे, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून. तो लाव्हा वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या सुतळीवर डायनोसॉरांच्या खुणेपाशीच. त्यानंतर उष्ण हवेत पावसानं त्यातली सिलिका, चुना वगैरे धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. तोच जांभा. तेव्हा हवेत ऑक्सिजन साठूनच २०० कोटींहून जास्त वर्षं झाली होती.

पण त्या मुलीचा प्रश्न वाया घालवू नका. जांभा गंजला तो त्या सूक्ष्म जीवांनी हवेत आणलेल्या वायूमुळंच. त्यांनी सुरुवात केली नसती तर तुमची भिंत तांबडी दिसली नसती. त्या जुन्या समुद्रातलं लोह बघायचं तर होसपेटे-संडूरकडं चला. तिथल्या लोहखनिजाच्या खडकात लोहाचा एक पट्टा, सिलिकेचा एक पट्टा, असे थर दिसतात. ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. हवेत ऑक्सिजन ठळकपणे साठू लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे त्याआधी बराच काळ लोह समुद्रात जमा होत होतं.

आता वय. पृथ्वी तयार होताना तिच्यावर सतत आदळआपट चालू होती. मंगळाएवढा एक गोल आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यात पृष्ठभाग वितळला. पुढंही जुने खडक वितळत, दबत, बदलत राहिले. म्हणून पृथ्वीचं वय तिच्या खडकात न शोधता तिच्याबरोबरच तयार झालेल्या अशनींत शोधतात. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो अशनीतल्या शिशावरून ४५५ कोटी हा आकडा काढला. युरेनियम-२३८ चं निम्मं शिसं व्हायला जवळपास ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळी होतं त्यातलं निम्मं आज उरलं आहे. मुलांना हे फार आवडतं.

शिवाय ती पन्नास कोटी वर्षं अगदीच कोरी नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन या फार टिकाऊ खनिजाचे कण मिळालेत, सर्वांत जुने ४४० कोटी वर्षांचे. त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, तेव्हा पृथ्वीवर पाणी असावं असा अंदाज बांधतात.

प्रतिसाद २

ताई, सुतळीवर ३४८ सेंटिमीटरला स्ट्रोमॅटोलाइट लावा. सूक्ष्म जीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत बसत झालेले ते पापुद्र्यांचे दगड. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात इतके जुने मिळालेत. आपल्याजवळ बागलकोटकडच्या कलादगी खडकांतल्या चुनखडीतही स्ट्रोमॅटोलाइट आहेत, ते मात्र बरेच नंतरचे. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून पडतो तोही कलादगीचाच, शंखशिंपल्यांच्या आधीचा. फोटो काढा, दगड फोडून आणू नका.

२४० ला ऑक्सिजन. त्यानंतर केंद्रक असलेली पेशी. आपल्या पेशीतली ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया पूर्वी स्वतंत्र जीवाणू होती, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नेटानं मांडला. तेव्हा पटला नव्हता, आज पाठ्यपुस्तकात आहे. मोठी मुलं असतील तर १९५३ चा मिलरचा प्रयोग तोंडी सांगा: पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि विजेच्या ठिणग्या, त्यातून अमिनो आम्लं. करून मात्र बघू देऊ नका, तो वायूंचा स्फोटाचा खेळ आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काका, निम्मं युरेनियम उरल्याचं सांगितल्यावर तो पन्नास कोटीवाला मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मोजणारा खडकातच बसलाय."

चिऱ्याची चिठ्ठी काल मुलांसमोरच काढली आणि मी चुकले होते हे सांगितलं. भिंतीला हात लावणाऱ्या मुलीनं नवी लिहिली: 'जांभा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून, त्यानंतर झालेला. गंजला जुन्या जीवांच्या ऑक्सिजनने.' यात काही दुरुस्ती हवी असेल तर सांगा. तुकडा आता २४० वरून काढून सुतळीच्या शेवटच्या टोकाकडं टांगलाय. आता २४० च्या मागं, २५० च्या पलीकडं लावायला जुन्या समुद्रातलं लोह हवंय. पट्ट्यापट्ट्यांच्या लोहखनिजाचा मूठभर तुकडा, होसपेट्याहून बेळगावला येणारं कुणी असेल तर मिळेल का? बसस्टँडवर येऊन घेऊन जाईन.